साखर उतरली की कुत्रा उठवतो; पण घर जागे आहे का?

मासवणसारख्या गावात रात्री कुत्रा भुंकू लागला की घरातले कुणीतरी उठून अंगणात बघते. जनावर निघाले असेल, नाहीतर अनोळखी माणूस आला असेल. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये गेल्या दोन दशकांत कुत्र्यांना याहून वेगळी राखण शिकवली जात आहे. झोपलेल्या मालकाच्या रक्तातली साखर उतरली की त्याला उठवायचे! अशा कुत्र्यांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहिल्या की मधुमेही मुलाच्या आईवडिलांना साहजिकच वाटते, आपणही असा कुत्रा घ्यावा का?

त्याआधी धोका समजून घ्यायला हवा. मधुमेह म्हणजे साखर वाढणे, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंड आणि नसांचे नुकसान वर्षानुवर्षे करत राहते. उतरलेली साखर मात्र थोड्याच वेळात माणसाला बेशुद्ध करू शकते. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, भूक लागते. हे शरीराचे इशारे आहेत. साखर वारंवार उतरू लागली, किंवा मधुमेह बराच जुना झाला, की काही रुग्णांत हे इशारे मंदावतात. झोपेत तर ते जाणवतच नाहीत. इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका सर्वाधिक असतो. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांनीही साखर उतरू शकते.

कुत्र्याला हे कळते कसे? साखर उतरताना श्वासात आणि घामात काही रसायने बदलतात. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये टाइप-१ मधुमेह असलेल्या आठ महिलांचा श्वास तपासला. साखर उतरल्यावर त्यांच्या श्वासातील आयसोप्रीन या वायूचे प्रमाण बरेच वाढलेले आढळले. कुत्रा हाच वास ओळखतो की आणखी काही, हे अजून ठरलेले नाही.

प्रशिक्षणाची रीत मात्र सरळ आहे. साखर उतरलेली असताना रुग्णाचा घाम किंवा लाळ कापसावर टिपून घेतात आणि तो कापूस बंद डबीत गोठवून ठेवतात. त्याच रुग्णाची साखर नीट असतानाचे नमुनेही घेतात. कुत्र्याने नेमकी डबी ओळखली की त्याला खाऊ मिळतो. पुढे वास आल्यावर पंजा मारणे, नाकाने ढोसणे, घरातल्या दुसऱ्या माणसाला उठवणे हे शिकवले जाते. यात कित्येक महिने जातात, आणि घरी आल्यावरही सराव चालूच ठेवावा लागतो. कुत्र्याने इशारा दिला तरी खात्री ग्लुकोमीटरनेच करायची असते.

भारतात अशा कामाची क्षमता नाही असे नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने घाम आणि लघवीच्या नमुन्यांवरून करोना ओळखणारे कुत्रे दाखवले होते. त्यांत कॉकर स्पॅनियल जातीचा कॅस्पर आणि तमिळनाडूच्या चिप्पीपराई जातीची जया होती.

प्रश्न भरवशाचा आहे. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २७ प्रशिक्षित कुत्र्यांची कामगिरी तपासली गेली. साखर उतरण्याच्या दर १०० घटनांपैकी साधारण ८३ वेळा कुत्र्यांनी इशारा दिला. पण कुत्र्याकुत्र्यांत फरक मोठा होता. अमेरिकेतल्या २०१७ च्या एका छोट्या अभ्यासात हेच प्रमाण ३६ टक्के निघाले. कुत्र्याने दिलेल्या इशाऱ्यांपैकी जेमतेम १२ टक्के खरे ठरले, आणि दंडावर लावायच्या सेन्सरने अनेकदा कुत्र्याच्या आधीच साखर उतरल्याचे टिपले. अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्याने २०१८ मध्ये अशा कुत्र्यांच्या एका विक्रेत्यावर खटला भरला. हजारो डॉलर घेऊन अर्धवट शिकवलेली पिल्ले गळ्यात मारल्याचा आरोप त्यात होता. आपल्याकडे उद्या अशी विक्री सुरू झाली, तर घाबरलेले आईवडीलच तिचे पहिले गिऱ्हाईक असतील.

मग मासवणच्या घराने काय करायचे? आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार शहरी भागात १६.४ टक्के, तर ग्रामीण भागात ८.९ टक्के प्रौढांना मधुमेह आहे. म्हणजे हा आता फक्त शहराचा आजार राहिलेला नाही. साखर उतरण्याची कारणेही इथल्या जगण्यातच आहेत. भाताच्या लावणीत दिवसभर वाकून काम केले आणि इन्सुलिनचा डोस नेहमीचाच ठेवला, तर साखर त्या रात्री उतरू शकते. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, गोळीची मात्र तीच राहते. उपवासाच्या दिवशीही तेच घडते.

यावर खरा पर्याय सेन्सर आहे. साखर उतरू लागली की तो मोबाइलवर गजर देतो. पण तो दर दहा-पंधरा दिवसांनी बदलावा लागतो आणि मजुरीवर चालणाऱ्या घराला हा खर्च झेपत नाही. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलांना तरी सेन्सर, आणि तो नसेल तर ग्लुकोमीटरच्या पुरेशा पट्ट्या, सरकारी आरोग्य केंद्रातून नियमित मिळायला हव्यात. इन्सुलिन दिले आणि साखर मोजायला काहीच दिले नाही, तर ते उपचार अर्धेच राहतात.

तोवर कुत्र्याला जे शिकवतात, ते घराला शिकता येते. जास्त मेहनतीच्या दिवशी किंवा उपवासाला डोस किती घ्यायचा, हे आधीच डॉक्टरांना विचारावे. झोपण्यापूर्वी साखर मोजावी. दिवस कष्टाचा गेला असेल किंवा डोस बदलला असेल, तर रात्री दोन-तीनच्या सुमारास पुन्हा एकदा मोजावी. माणूस घामाने भिजला, असंबद्ध बोलू लागला किंवा उगाच चिडू लागला, तर मोजायला साधन नसले तरी साखर उतरली असे धरून चालावे. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, सुधारणा नसेल तर पुन्हा द्यावी. बरे वाटले की भाकरी किंवा भात खायला द्यावा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

हे रुग्णापेक्षा त्याच्या शेजारी झोपणाऱ्याला ठाऊक असणे जास्त गरजेचे आहे. मासवणमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, आशाताई घरोघरी जातात. इन्सुलिन सुरू करताना रुग्णाबरोबर घरातल्या एकाला बसवून एवढे समजावले, तर त्यासाठी वेगळा निधी लागत नाही. आणि उशाशी साखरेचा डबा ठेवायला कुणाची परवानगीही लागत नाही.