हृदयविकार : वारसा किती, आपल्या हाती किती?

चाळिशीतल्या कुणाला हृदयविकाराचा झटका आल्याचे कळले की आपल्याकडे हळहळ व्यक्त होते आणि ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ या वाक्यावर विषय संपतो. जानेवारी २०२५ मध्ये ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने सुमारे १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांना खुली केली. त्या निमित्ताने या वाक्यात तथ्य किती, हे आम्ही तपासले.

भारतीय उपखंडात झटका लवकर येतो, हे खरे. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या झटक्याचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर इतरत्र सुमारे ५९ आढळले. पण २००७ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार या फरकाचे बरेचसे कारण कमी वयातच दिसणाऱ्या नेहमीच्या धोक्यांत आहे : मधुमेह, रक्तातील घातक चरबी, व्यायामाचा अभाव, रोजच्या जेवणात फळे-भाज्या कमी.

मग जनुकांचे काय? त्यांचा वाटा आहेच, पण तो सगळीकडे सारखा नाही. नवव्या गुणसूत्रावरील धोका वाढवणारा भाग २००७ मध्ये युरोपीय वंशाच्या लोकांत सापडला. दक्षिण आशियातही त्याचा संबंध दिसला; आफ्रिकी वंशाच्या लोकांत मात्र तितका स्पष्ट दिसला नाही. उलट, अमेरिकेतील काही कृष्णवर्णीयांत ‘पीसीएसके-९’ जनुकातील बदलामुळे कोलेस्टेरॉल जन्मापासून कमी राहते आणि हृदयविकारही फार कमी होतो. त्यावरून पुढे नवी औषधे निघाली.

आपल्या हैदराबादच्या सीसीएमबीतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनात २००९ मध्ये दक्षिण आशियातील सुमारे ४ टक्के लोकांत एक जनुकीय दोष आढळला. तो हृदयाचा स्नायू दुबळा करणाऱ्या आजाराशी निगडित आहे, रक्तवाहिनी तुंबून येणाऱ्या झटक्याशी नव्हे. या दोन आजारांची गल्लत होऊ नये.

जनुकांवरून धोक्याचे गुण काढणाऱ्या चाचण्यांची सध्या जाहिरात होते. त्यांमागची माहिती प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची असल्याने आपल्याबाबत तो अंदाज चुकू शकतो. ‘जीनोम इंडिया’चे महत्त्व इथेच आहे.

त्यापेक्षा एक साधी रक्तचाचणी अधिक उपयोगी : लायपोप्रोटीन-ए. त्याची पातळी मुख्यतः आनुवंशिक असते आणि पथ्याने फारशी बदलत नाही. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ती आयुष्यात एकदा तरी करावी, असे सुचवले आहे. पातळी जास्त निघाली तर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल अधिक कडकपणे आटोक्यात ठेवावे लागतात.

वडील किंवा भावाला ५५ वर्षांआधी, आई किंवा बहिणीला ६५ वर्षांआधी हृदयविकार झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगावे. घराण्यात आहे म्हणून हात टेकायचे नाहीत आणि घराण्यात नाही म्हणून तंबाखूही चालू ठेवायची नाही. वारसा बदलता येत नाही. पण तो वेळीच कळला तर पुढच्या पिढीला सावध करता येते.