हे हातमोजे आत्ता कशाला?

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात २०१८ साली परिचारिकांनी हाच प्रश्न लावून धरला. रक्ताशी, उघड्या जखमेशी संबंध येणार असेल तर हातमोजे हवेतच. पण एरवी नाडी बघायला, रक्तदाब मोजायला, गोळी द्यायला? वर्षभरात वापर सुमारे ३७ लाखांनी घटला, २१ टन प्लास्टिक वाचलं.

मी सॉफ्टवेअरवाला, मला आकडे आवडतात. तरी माझ्या मते मुद्दा कचऱ्यापेक्षा मोठा आहे. तीच जोडी घालून या खाटेवरून त्या खाटेवर गेलं की जंतूही सोबत जातात, आणि घालणाऱ्याला वाटतं आपले हात स्वच्छ! धुवायचं राहूनच जातं. त्रास रुग्णाला.

नर्सिंग शिकणाऱ्या माझ्या बहिणींनो, भावांनो, वॉर्डात हे विचारा. वरिष्ठ चिडतील, चिडू देत.