लहान खिडकीचा तलम पडदा

बाजारपेठेतील जुन्या घरांत खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी रचना असते. अशा घरातील स्वयंपाकघराच्या वाट्याला बहुधा एकच लहान खिडकी येते आणि तिच्यासमोर अगदी जवळ शेजाऱ्यांची गॅलरी असते. आडोसा हवा म्हणून त्या खिडकीला जाड, गडद पडदा लावला जातो. आडोसा मिळतो; परंतु भर दुपारी ओट्यावर दिवा लावावा लागतो.

जैन घरात हा प्रश्न केवळ विजेच्या खर्चाचा नसतो. अहिंसाव्रताच्या पाच भावनांत आलोकितपानभोजनाची गणना केली आहे. उजेडात नीट पाहून अन्नपाणी घ्यावे, हा तिचा आशय. धान्य निवडणे, भाजीच्या पानामागची अळी दिसणे, सूर्यास्तापूर्वी ताटे वाढणे, ही सारी कामे त्या खिडकीच्या उजेडावर चालतात. चातुर्मासात आभाळ भरून येते आणि जीवजंतूही वाढतात. तेव्हा तर तो उजेड अधिकच मोलाचा ठरतो. म्हणून अशा खिडकीला तलम पडदाच शोभतो.

तलम पडद्याचा आडोसा दिवसा पुरतो, कारण बाहेर उजेड अधिक आणि आत कमी असतो. बाहेरच्या नजरेला कापडाचा शुभ्रपणाच दिसतो. रात्री आत दिवा लागला की नेमके उलटे होते. तेव्हा खिडकीचे दार लोटून घ्यावे. पडदा खिडकीच्या केवळ खालच्या अर्ध्या भागाला लावावा. वरचा अर्धा भाग मोकळा राहिला म्हणजे प्रकाश थेट ओट्यावर उतरतो. मात्र शेगडी खिडकीला लागून असेल, तर तेथे पडदा लावूच नये. खालच्या तावदानाला अपारदर्शक काच बसवावी. तलम सूत क्षणात पेट घेते.

कापड निवडताना रेशीम अर्थातच वर्ज्य. कोश उकळताना आतील जीव मरतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ऑर्गंझा या नावाखाली रेशमी आणि कृत्रिम धाग्याचे अशी दोन्ही कापडे विकली जातात, याकडे लक्ष असावे. सुती मलमल, वॉइल किंवा ऑर्गंडी घ्यावी. शंका आली तर कापडाचे दोन धागे काढून, चिमट्यात धरून जाळून पाहावेत. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. रेशमाला केस जळल्याचा वास येतो.

आता मापे. खिडकी २४ इंच रुंद आणि ३६ इंच उंच आहे असे धरू. अर्ध्या पडद्याची तयार लांबी १८ इंच. त्यात १७ इंच कापड आणि १ इंच विणलेली झालर. वर तार ओवण्याच्या नेफ्यासाठी २ इंच आणि खालच्या दुहेरी दुमडीसाठी १ इंच मिळवले की २० इंचांचा तुकडा लागतो. चुण्या चांगल्या पडाव्यात म्हणून कापडाची रुंदी खिडकीच्या दुप्पट, म्हणजे ४८ इंच हवी. तिचे दोन भाग करावेत. प्रत्येक भाग तयार २४ इंच; दोन्ही कडांच्या दुमडीसह कापताना २६ इंच. ४४ इंच पन्ह्याचे सव्वा मीटर कापड यास पुरते आणि आटण्यासाठीही थोडे उरते.

कापण्यापूर्वी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करावे. ताज्या पेजेची हलकी खळ दिली तर मलमल हातात सरकत नाही. कात्री लावण्याआधी आडवा एक धागा ओढून काढावा. त्याच्या रेषेवर कापले म्हणजे पडदा तिरका लोंबत नाही. शिवणयंत्राला ११ नंबरची किंवा त्याहून बारीक सुई लावावी, टाका लहान ठेवावा आणि कापडाखाली पातळ कागद धरावा. शिवून झाल्यावर कागद अलगद फाडून काढता येतो. आधी उभ्या कडा, मग खालची दुमड आणि शेवटी नेफा, असा क्रम ठेवावा. नेफ्यात स्प्रिंगची तार ओवून ती चौकटीच्या दोन आकड्यांना अडकवली की पडदा टांगला जातो.

झालरीसाठी २० नंबरचा पांढरा सुती दोरा आणि बारीक क्रोशाची सुई घ्यावी. प्रथम साखळी, तिच्यावर एक खांब आणि दोन साखळ्या अशा जाळीच्या दोन-तीन ओळी, आणि शेवटी एकाच घरात पाच खांब घालून शिंपल्यांची ओळ. झालर खिडकीच्या रुंदीची नव्हे, तर कापडाच्या रुंदीची हवी. प्रत्येक भागाला २४ इंच आणि टोके दुमडण्यास १ इंच, अशी एकूण ५० इंच. तीही भिजवून, वाळवून मगच जोडावी; एरवी पहिल्याच धुण्यात ती आटते आणि पडद्याची कड गोळा होते. जोडताना यंत्र वापरू नये, हाताने बारीक हेमटाके घालावेत. काही वर्षांनी मलमल विरते, पण क्रोशाचे काम टिकते. टाके उसवून तीच झालर नव्या कापडाला लावता येते. आजीच्या हातची झालर नातसुनेच्या खिडकीपर्यंत पोहोचते ती अशीच, आणि नवे घेण्याची गरजही तितकी कमी होते.

ज्या घरात विणायला वेळ नाही, तेथे झालर विकत आणावी लागते. व्यापारी कुटुंबाची खरी कसोटी तेथे लागते. आंध्र प्रदेशातील नरसापूर हे गाव क्रोशाच्या लेससाठी प्रसिद्ध आहे. तेथील विणकर स्त्रियांवर मारिया मीस यांनी लिहिलेला अभ्यासग्रंथ १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. या स्त्रिया घरी बसून दिवसाचे कित्येक तास विणतात. तरीही त्यांचे काम फावल्या वेळचे समजले जाते आणि मोबदला अत्यल्प मिळतो, हे त्यात दाखवले आहे. हाताने विणलेल्या पट्टीचा भाव यंत्राच्या लेसशी तोलून घासाघीस करणारा ग्राहक त्याच समजुतीला बळ देतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे अतिचार सांगताना अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध यांचा उल्लेख आहे. कुवतीबाहेर ओझे लादणे आणि पोटाला न मिळू देणे, असा त्यांचा अर्थ. विणणाऱ्या हातालाही तो लागू होतो.

विक्रेत्यासाठी त्याच अध्यायात दुसरी खूण आहे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत प्रतिरूपकव्यवहार येतो. अस्सल म्हणून नक्कल विकणे, हा तो दोष. यंत्राची लेस हातची म्हणून किंवा पॉलिएस्टर मलमल म्हणून विकले, तर गल्ल्यात चार पैसे अधिक पडतील, पण व्रताला तडा जातो. माल जो आहे तो स्पष्ट सांगावा. यंत्राची लेस घेणारा ग्राहकही असतोच.

उरलेल्या १८ इंची पट्ट्यांचे पोळ्यांचे रुमाल करावेत. पाणी गाळण्यासाठी मात्र ही मलमल वापरू नये. त्यासाठी जाड कापडच दुहेरी करून घ्यावे लागते. पडदा धुण्यासाठी काढताना चुण्या आणि नेफा उलगडून पाहावा. तेथे कोळी, पतंग किंवा मुंगी आसरा घेते. आदाननिक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना व ठेवताना पाहून घेणे, येथेही पाळता येते. जीव दिसला तर हलक्या हाताने त्याला बाहेर सोडावे आणि मगच पडदा पाण्यात घालावा.