भावंडांचे मौन आणि आपली समीक्षा

गेल्या वर्षी एका चर्चासत्रात 'मराठी साहित्यातील मतिमंदांचे चित्रण' या विषयावर एक निबंध वाचला गेला. निबंध अभ्यासपूर्ण होता. आईचे वात्सल्य, बापाची हतबलता, समाजाची क्रूर नजर, सारे त्यात होते. भावंडांचा उल्लेख एकदाच आला, 'बहिणीने आपले आयुष्य वाहून घेतले' अशा समाधानी वाक्यात. आम्ही दोघी बहिणी मागच्या रांगेत बसलो होतो. घरी आमच्या 49 वर्षांच्या भावापाशी शेजारच्या काकूंना बसवले होते आणि साडेपाचच्या आत परतायचे होते, त्यामुळे चर्चेला थांबता आले नाही. तिथे जे बोलायचे राहिले ते इथे लिहीत आहोत.

मराठीत या विषयाचे नाव काढले की जयवंत दळवींचे 'नातीगोती' आठवते आणि 1991 सालचा 'चौकट राजा' हा चित्रपट. दोन्ही कृतींचे मोल आम्हाला मान्य आहे. 'नातीगोती'त ताण आहे तो आईबाप आणि मुलगा यांच्यातला. 'चौकट राजा'त आई आहे आणि बालपणीची मैत्रीण आहे. भावंड केंद्रस्थानी कुठेच नाही. आणि तरीही अशा प्रत्येक घरात, प्रत्येक कथेत एक प्रश्न घुमत असतो: आमच्या माघारी याचे कोण? हा प्रश्न आईबाप देवाला विचारतात असे आपण समजतो. वास्तविक तो स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलेल्या मुलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलेला असतो. ती तेव्हा बारा वर्षांची असते. तिने होकार कधी दिला हे पुढे तिलाही सांगता येत नाही.

इंग्रजीच्या वर्गात तरी हे पात्र भेटते. फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी' (1929) या कादंबरीतला बेंजी 33 वर्षांचा आहे. त्याच्यावर माया करणारी कॅडी घर सोडून गेली आहे. घरात उरला आहे तो जेसन, आणि त्याला बेंजीला वेड्यांच्या इस्पितळात धाडायचे आहे. आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो की कॅडी म्हणजे करुणा आणि जेसन म्हणजे दुष्टपणा. जेसन दुष्ट आहेच, त्याची वकिली आम्हाला करायची नाही. शिवाय बेंजीचे खरे करणे डिल्सीच्या घरची माणसे करतात, तो नव्हे. पण जी बहीण निघून गेली तिच्यावर आपण कविता कराव्यात आणि जो मागे राहिला त्याच्या चिडचिडीकडे केवळ नीतीच्या चष्म्यातून पाहावे, हे वाचन आम्हाला आता पुरत नाही. आमच्या दोघींत मिळून एक कॅडी आणि एक जेसन आहे. कोणत्या दिवशी कोण, हे रात्रीची झोप किती झाली त्यावर ठरते.

आमच्या भावाला डाउन सिंड्रोम आहे. तो जन्मला तेव्हा डॉक्टरांनी फार वर्षांची आशा दिली नव्हती. आता अशी माणसे साठीपर्यंत जगतात, ही वैद्यकाची मोठीच कमाई आहे. मात्र ज्या 21 व्या गुणसूत्राची एक प्रत त्यांच्यात जास्त असते, त्याच गुणसूत्रावर अल्झायमरशी निगडित अशा एका प्रथिनाचे जनुक असते. म्हणून चाळिशीतच मेंदूत त्या रोगाच्या खुणा उमटू लागतात. म्हणजे ज्याला शर्टाची बटणे लावायला आईने चार वर्षे शिकवले, तो आता ती लावायला विसरतो आहे, आणि शिकवणाऱ्या आम्ही साठीकडे झुकलो आहोत. आईबापांनी मूल वाढताना पाहिले. आमच्या वाट्याला उलटा प्रवास आला आहे. 'वात्सल्य' हा रस इथे लावून पाहावा, लागत नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून भावंडाला पालक म्हणून नेमून घेता येते. मग मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करायचे. केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला अपत्याच्या संगोपनासाठी सेवाकाळात 730 दिवसांची रजा आहे. बहिणीला तशी रजा नाही. पालकत्व सिद्ध करायला नाते चालते, रजा मागायला चालत नाही.

एक आक्षेप आम्हाला गंभीर वाटतो. सांभाळणाऱ्यांच्या कहाण्यांनी अपंग माणसाचा स्वतःचा आवाज झाकला जातो, असे अपंगत्वाच्या चळवळीतले अभ्यासक म्हणतात. खरे आहे. आमचा भाऊ या लेखातही बोलत नाही, आम्हीच बोलतो. पण त्याचा आवाज दाबला तो आमच्या तक्रारीने नव्हे, 'त्याग' या शब्दाने. त्याग म्हटले की तो यज्ञातली समिधा टाकायची जागा होतो आणि आम्ही मखरातल्या मूर्ती. मूर्तींना पाठदुखी नसते, मूर्ती एकमेकींशी पैशांवरून भांडत नाहीत, मूर्तींच्या मनात 'हा आमच्या आधी गेला तर बरे' असा विचार येत नाही. आमच्या मनात तो आला आहे. तो लिहिण्याआधी आम्ही आठवडाभर या परिच्छेदावर अडून होतो. ज्या समीक्षेला हे वाक्य केवळ क्रौर्य म्हणून वाचता येते, तिने मानसिक ताणाविषयी बोलू नये.

आणि ताण म्हणजे दर वेळी एवढे भयंकर काही नसतेही. आई जाऊन तीन वर्षे झाली. रोज संध्याकाळी दिवे लागले की तो दारापाशी जाऊन विचारतो, आई कधी येणार? थोरली सांगते, येईल हं, बस. धाकटी सांगते, आई गेली रे, आता आम्ही आहोत. मग तो रडतो, नव्याने, पहिल्यांदा ऐकल्यासारखा. त्याला रोज फसवायचे की रोज रडवायचे यावरून आमच्यात गेले सहा महिने अबोल्याइतके वैर आहे, आणि एकच ताट दोघी मिळून त्याला भरवतो. या भांडणावर मराठीत एखादी कथा असेल तर वाचकांनी जरूर कळवावे. आम्ही शोधली, मिळाली नाही.