ऊब किती आणि कशाची?

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढील काळात गावाने कुऱ्हाडबंदी स्वीकारली. शेकोटीसाठीही झाड तोडायचे नाही, हा त्या नियमाचा अर्थ.

शहरातील घरांनाही असा हिशेब हवा. जागतिक आरोग्य संघटना थंडीत घरात किमान १८ अंश सेल्सिअस तापमान सुचवते. वृद्ध, आजारी व तान्ह्या बाळांना थोडे अधिक लागते. त्यापुढील अंश चैनीच्या खात्यावर पडतात. २००० वॉटचा हीटर तासाला २ युनिट वीज घेतो. रजई मात्र खर्च एकदाच मागते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी कदापि ठेवू नये. तिच्यातील कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. गरज ओळखून घेतलेली ऊबच सुखाची.