रुजणे हे दान नव्हे

परदेशी गेलेले कुटुंब तेथे रुजले, की त्याचे श्रेय कष्टांना आणि यजमान देशाच्या औदार्याला देऊन आपण मोकळे होतो. ही समजूत भाबडी आहे. कोकण-मुंबईहून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल कुटुंबांचा अनुभव पाहा. अन्य ज्यूंशी होणाऱ्या त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करावी, असा आदेश तेथील धर्मपीठाने १९६२ मध्ये काढला. कष्टांत ही माणसे कोठे उणी पडली होती? १९६४ मध्ये त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा संसदेला समान हक्कांची ग्वाही द्यावी लागली आणि धर्मपीठाला आदेश बदलावा लागला. भाकरी कष्टाने मिळते. बरोबरी मात्र संघटित होऊनच मिळवावी लागते. जातिव्यवस्थेत वाढलेल्या आपणांस हे निराळे सांगावे लागावे काय?