आजाराचा खाडा कुणाच्या नावावर?

सेनगाव तालुक्यातल्या एका गावात बचत गटांच्या बायकांची बैठक होती. विषय आरोग्याचा. बीपी, शुगर, गुडघेदुखी यांवर बोलणे चालले होते. शहरातून आलेले एक शिकलेले गृहस्थ मध्येच म्हणाले, “लोक वाट्टेल ते खाऊन वजन वाढवतात आणि उपचार मात्र सरकारच्या पैशाने करून घेतात. बाहेरच्या देशांत अशांकडून जादा पैसे घ्यायची भाषा सुरू झाली आहे. आपल्याकडेही घेतले पाहिजेत. खिशाला चटका बसला की बरोबर ताळ्यावर येतात.”

दोन-चार जणींनी माना डोलावल्या. मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई मात्र म्हणाली, “आमच्याकडून घेत्यातच की. आजारी पडलं की खाडा.”

बैठक तिथेच थांबली नाही, पण माझे लक्ष त्या वाक्यावरून हलले नाही. आजारी पडणाऱ्याला दंड लावावा की नाही, हा प्रश्न त्या गृहस्थांना नवा होता. त्या बाईला तो नवा नव्हता. हिंगोली जिल्ह्यातून दर वर्षी कितीतरी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर राबून ती फेडायची. मधे बाई तापाने फणफणली, पाळीत उभे राहवेना, कंबर धरली आणि एक दिवस चुकला, तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी जातेच, शिवाय पाचशे रुपये, कधी त्याहून जास्त, दंड म्हणून अंगावर बसतो. एकीच्या दुखण्याचा भुर्दंड पूर्ण कोयत्यावर येतो, मग पालावर गेल्यावर नवऱ्याची बोलणीही तिनेच खायची.

आता या दंडाने बायका निरोगी झाल्या का? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न गाजला, तेव्हा सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली होती. त्यामागे खासगी डॉक्टरांनी घातलेली कॅन्सरची भीती होती, लहान वयातली लग्ने आणि बाळंतपणे होती, पालावर पाणी नाही, संडास नाही, हेही होते. आणि खाड्याची धास्ती होती. पाळीच नको आणि खाडाही नको, असा विचार करून तिशीच्या आत-बाहेरच्या बायका टेबलावर झोपल्या. दुखण्यावर दंड लावला की दुखणे जात नाही. बाई ते लपवते, अंगावर काढते, नाहीतर शरीराचा तो भागच काढून टाकते. महाराष्ट्राने हा प्रयोग करून पाहिलेला आहे. त्याचा निकाल आपल्यासमोर आहे.

म्हणून लठ्ठ किंवा आजारी माणसाकडून सरकारने जादा पैसे घ्यावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. पण नुसते नाही म्हणून भागणार नाही, कारण हा विचार हवेत आहे आणि वरवर तो न्याय्य वाटतो. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात २०११ साली राज्यपाल जॅन ब्रुअर यांच्या सरकारने असा प्रस्ताव मांडला होता. गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेतले जे लोक लठ्ठ आहेत, धूम्रपान करतात किंवा मधुमेह असून डॉक्टरांचे ऐकत नाहीत, त्यांच्याकडून वर्षाला पन्नास डॉलर घ्यावेत! श्रीमंत लठ्ठांना कुणी हात लावला नव्हता, हे ध्यानात घ्या. जपानने २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या कमरेची मापे घ्यायला सुरुवात केली. पण तिथेही उद्दिष्ट गाठले नाही तर आर्थिक भार विमा संस्थांवर टाकला, ज्याची कंबर मोठी त्याच्यावर नाही. आपल्याकडे खासगी विमा कंपन्या वजन आणि शुगर पाहून हप्ता वाढवतात. हाच हिशोब उद्या सरकारी योजनेत शिरणार नाही, असे कुणी सांगावे?

या विचाराच्या मुळाशी एक गृहीत आहे. वजन म्हणजे माणसाने आपल्या मर्जीने केलेली चूक, असे ते गृहीत. आपल्या गावातल्या बाईच्या ताटाकडे पाहिले तर ते टिकत नाही.

आपला जिल्हा हळदीचा, सोयाबीनचा, कापसाचा. शेतात जे पिकते ते मोंढ्यावर जाते आणि घरात जे शिजते ते दुकानातून येते. ज्वारीची भाकरी होती तिथे रेशनचा गहू-तांदूळ आला. वरणात डाळ कमी आणि पाणी जास्त. तेल म्हणजे स्वस्तातले पामतेल. घरात सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेला भात आणि कोरड्यास बाईच्या वाट्याला येते. दिवसभराची भूक साखरेच्या चहावर आणि पाच रुपयांच्या बिस्कीटपुड्यावर मारायची. वर उपवास आहेतच. साबुदाणा आणि शेंगदाण्याचे ते जेवणही तिनेच रांधायचे. असे खाऊन वजन वाढते आणि अंगात रक्तही नसते. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के बायका जास्त वजनाच्या आढळल्या आणि २०.८ टक्के कमी वजनाच्या. १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. जाड बाई आणि अशक्त बाई या दोन वेगळ्या बाया आहेत असे आपण समजतो. पुष्कळदा ती एकच असते.

याच्याही मागे जावे लागते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायकांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. इंग्लंडमधल्या बाळांच्या तुलनेत आपली बाळे वजनाने बरीच कमी भरली. पण त्यांच्या अंगावर स्नायू कमी असूनही चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. आईच्या पोटात अर्धपोटी वाढलेले हे मूल पुढे लवकर मधुमेहाकडे झुकते. म्हणजे आज पस्तिशीत जिची शुगर वाढली आहे, तिच्या आजाराची सुरुवात तिच्या आईच्या उपाशी बाळंतपणात असू शकते. दंडाची पावती मग कुणाच्या नावावर फाडायची? तिच्या? तिच्या आईच्या? की दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या आजीच्या?

आणि सरकारने तरी ताटात काय वाढले? २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ आला. रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल! सण गोड झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण साखर आणि पामतेल स्वतःच वाटणाऱ्या सरकारने वजनाचा दंड कोणत्या तोंडाने मागायचा? शाळेच्या पोषण आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरले आणि जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी काढून घेतला. अंड्याला पैसे नाहीत. त्याच २०२५ सालात पंतप्रधान देशाला तेल दहा टक्के कमी खा म्हणून सांगतात. उपदेशाला पैसे लागत नाहीत.

शरीराला शिक्षा करण्याच्या कायद्याचा आणखी एक अनुभव आपल्या गाठीशी आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे मूल झालेल्याला पंचायतीची निवडणूक लढवता येणार नाही, असा नियम महाराष्ट्राने केला. लोकसंख्या कमी व्हावी हा हेतू. मूल किती व्हावीत हे ठरवायचा अधिकार बाईला घरात नव्हताच. मुलगा हवा म्हणून तिसरे बाळंतपण तिच्यावर लादायचे आणि राखीव जागेवर उभे राहायची वेळ आली की अपात्रही तिलाच ठरवायचे. निर्णय एकाचा आणि शिक्षा दुसरीला. वजनाचेही असेच होईल. सोयरीक जुळवताना ‘मुलगी जाड आहे’ म्हणून हुंडा वाढवून मागणारे लोक आपण पाहिलेले आहेत. घरात आणि लग्नाच्या बाजारात हा दंड बाई भरतेच आहे. आता त्यावर सरकारी शिक्का नको.

इथे काही मैत्रिणी विचारतील, मग दारू, गुटखा, कोल्ड्रिंकवर कर नको का? जरूर हवा. पण वस्तूवरचा कर आणि माणसाच्या शरीरावरचा दंड या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. दारूबंदीसाठी आपण बाटली आडवी करायला मतदान केले. दुकान बंद करा म्हणालो. दारुड्याकडून दवाखान्यात जादा पैसे घ्या, असे आपण कधी म्हटले नाही, कारण ते पैसे त्याच्या बायकोच्या गाठोड्यातून जाणार हे आपल्याला ठाऊक होते.

वस्तूवरचा करही डोळे मिटून मान्य करता येत नाही. मेक्सिकोने २०१४ मध्ये साखरेच्या पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला आणि त्यांची खरेदी घटली. डेन्मार्कने २०११ मध्ये लोणी-चीजसारख्या पदार्थांतल्या चरबीवर कर लावला आणि साधारण वर्षभरात तो मागे घेण्याचे ठरवले. केरळने २०१६ मध्ये मोठ्या ब्रँडच्या हॉटेलांतल्या बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर बसवला. जीएसटी आल्यावर तो त्यात विरून गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने कोल्ड्रिंकवरचा जीएसटी चाळीस टक्के केला. पण त्याच वेळी बिस्किटे आणि चॉकलेट अठरावरून पाच टक्क्यांवर आणली, पुड्यातले फरसाण-नमकीन बारावरून पाचवर. आता आपल्या गावातल्या पोरांच्या हातात काय असते ते आठवून पाहा. बाटली कधीतरी, पुडा रोज. शिवाय कराचा पैसा आरोग्यासाठीच खर्च व्हावा असे कुठेही बांधलेले नाही. तो तिजोरीत जातो, आणि अंड्याच्या वेळी तिजोरी रिकामी असते. शरीराशी संबंधित कर लावताना बायकांना कोण विचारतो, हेही आपण पाहिले आहे. जुलै २०१७ मध्ये पाळीच्या पॅडवर बारा टक्के जीएसटी बसला आणि तो काढायला देशभरातल्या बायकांना वर्षभर ओरडावे लागले.

दवाखान्याच्या दारात पैसे मागितले की गरीब माणूस सुधारत नाही, दारातून परत फिरतो. केसपेपरचे पैसे अगदी थोडे असत, तरी तेवढ्यासाठी पुढच्या बाजारापर्यंत दुखणे ढकलणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. तो निर्णय चांगला होता. पण फुकट केसपेपर हातात आणि शुगरच्या गोळ्या संपलेल्या, ‘बाहेरून घ्या’ अशी चिठ्ठी, हा अनुभव मला स्वतःला आलेला आहे. महिन्याच्या गोळ्या बाहेरून घेणे हाही दंडच. फक्त त्याची पावती मेडिकलवाला देतो.

तेव्हा आपण काय मागायचे? माझ्या मते चार गोष्टी. कोणत्याही सरकारी योजनेत, रेशनमध्ये, उपचारात किंवा विम्यात वजनाची, शुगरची अट किंवा जादा आकार असता कामा नये. रेशनवर ज्वारी, डाळ, शेंगदाणा मिळावा आणि शाळेत, अंगणवाडीत अंडे परत यावे. साखर आणि चरबीचे पुडे विकणाऱ्या कंपन्यांवर कर लावा, आणि त्याचा पैसा कुठे गेला ते ग्रामसभेत सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस बायकांची बीपी-शुगर तपासणी व्हावी आणि महिनाभराच्या गोळ्या तिथेच मिळाव्यात.

आणि या सगळ्याच्या आधी, आजारपणातला खाडा बंद व्हावा. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे असे ठरले. म्हणजे ज्याच्या धंद्यातून माणूस झिजतो त्याच्याकडून पैसे घेता येतात, हे सरकारला मान्य आहे. त्या पैशातून कोयत्यावरच्या बाईला आजारपणाची आणि पाळीची भरपगारी सुट्टी द्या. तिने तोडलेल्या उसाची साखर आपल्या सगळ्यांच्या चहात आहे.

त्या बैठकीत गृहस्थांनी त्या बाईला विचारले, “खाडा म्हणजे काय?” तिने समजावून सांगितले. ते गप्प झाले, एवढे मात्र खरे. पुढच्या बैठकीत आम्ही गावातल्या किती कोयत्यांवर गेल्या हंगामात खाडे चढले आणि त्यांतले किती बाईच्या आजारपणाचे होते, याची यादी करायला घेणार आहोत. तुमच्या तालुक्यातही ती करून पाहा, आणि काय आढळले ते आम्हाला लिहून कळवा.